नोकियाचे सॉफ्टवेअर नेमके कुठे अडले?

२००६ साली नोकियाच्या एस६० मालिकेतील फोनवर जो ब्राउझर येऊ लागला, तो वेबकिट या इंजिनावर, म्हणजे वेबपान पडद्यावर उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणारा होता. वेबकिट हे अ‍ॅपलने संगणकावरील सफारी ब्राउझरसाठी विकसित केलेले मुक्तस्रोत इंजिन. ते फोनच्या छोट्या पडद्यावर आणण्याचे काम नोकियाच्या अभियंत्यांनी आयफोन बाजारात येण्यापूर्वीच करून दाखवले होते. तीन वर्षांनी, २००९ च्या जूनमध्ये, नोकियाचा एन९७ हा महागडा फोन आला, तेव्हा त्यावरचा ब्राउझर आयफोनवरील ब्राउझरपुढे धापा टाकत होता. दोन्हींच्या पोटात इंजिन एकाच कुळातले होते, पहिली चाल नोकियाची होती, तरीही हे घडले. पैसा कमी पडला म्हणावे तर तसेही नाही. २०१० मध्ये नोकिया समूहाने, दूरसंचार यंत्रणांचा व्यवसाय धरून, संशोधन आणि विकासावर सुमारे ५.९ अब्ज युरो खर्च केले. अ‍ॅपलचा त्या आर्थिक वर्षाचा असाच खर्च १.८ अब्ज डॉलरच्या आसपास होता.

नोकियाच्या घसरणीबद्दल बोलताना ‘त्यांना आयफोन कळलाच नाही’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते ते उत्तर फार सोपे आहे. स्पर्शाने चालणारा पडदा, ब्राउझर, जीपीएस, अ‍ॅपचे दुकान, लिनक्सवर चालणारी नवी प्रणाली, यांतले बहुतेक सगळे नोकियाच्या कोणत्या ना कोणत्या विभागात वेळेवर किंवा वेळेआधी तयार होत होते. ते ग्राहकाच्या हातात पोहोचेपर्यंत ज्या मंजुऱ्या, वाटाघाटी आणि विभागीय हद्दी पार कराव्या लागत, तिथे ते शिळे होत होते. आणि यातील गुंतागुंत अशी की, ही कार्यपद्धती कोणा आळशी कारकुनांनी उभी केलेली नव्हती. फोनच्या उत्पादनात नोकियाला जगात पहिल्या क्रमांकावर नेणारी पद्धतच सॉफ्टवेअरच्या मुळावर आली होती.

ती पद्धत आधी समजून घेऊ. नोकियात प्रत्येक मॉडेल हा स्वतंत्र प्रकल्प असे. त्या प्रकल्पाला प्रमुख असे, ठरलेला खर्च असे आणि बाजारात येण्याची ठरलेली तारीख असे. कंपनी दरवर्षी डझनावारी मॉडेल काढत असे आणि कोट्यवधी नग विकत असे, त्यामुळे एका नगामागे काही सेंट वाचले तरी ती बचत डोंगराएवढी होई. प्रकल्पप्रमुखाचे मोजमाप दोन गोष्टींवर होई: फोन तारखेला निघाला का, आणि ठरलेल्या खर्चात निघाला का. कवच, बॅटरी, कीपॅड, अँटेना यांच्या बाबतीत ही शिस्त उत्तम होती. २००३ मध्ये आलेला, टॉर्च असलेला नोकिया ११०० भारतातल्या गावोगावी पोहोचला आणि जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला, तो याच शिस्तीच्या बळावर.

सॉफ्टवेअरचा हिशेब मात्र उलट चालतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एका मॉडेलपुरता सुटा भाग नव्हे. ती अनेक मॉडेलांखालचा आणि अनेक वर्षांचा पाया असते. आज तिच्यात केलेल्या सुधारणेचा खर्च चालू मॉडेलवर पडतो, फायदा मात्र पुढच्या दहा मॉडेलांना मिळतो. ज्याचे मोजमाप फक्त चालू मॉडेलवर होते, त्या प्रमुखाने पायासाठी आपली तारीख का पुढे ढकलावी? तो ढकलत नसे. पायातली चूक मुळातून दुरुस्त करण्याऐवजी आपल्या मॉडेलपुरते ठिगळ लावून तो पुढे जाई, आणि पुढच्या मॉडेलवाल्यांना ते ठिगळ किंवा मूळ चूक, यांतले एक वारशाने मिळे. इन्सिअ‍ॅड या व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक इव्ह डोझ यांनी नोकियाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार २००९ पर्यंत कंपनीत ऑपरेटिंग सिस्टीमच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या ५७ आवृत्त्या वापरात होत्या. एका कंपनीने मुद्दाम ठरवून अशा ५७ आवृत्त्या केल्या नसत्या. त्या एकेका प्रकल्पाच्या रास्त वाटणाऱ्या निर्णयांतून साचत गेल्या.

एन९७ मध्ये हा हिशेब उघडा पडला. त्याचा प्रोसेसर ४३४ मेगाहर्ट्झचा होता आणि रॅम १२८ मेगाबाइट. त्याच महिन्यात आलेल्या आयफोन ३जीएसमध्ये प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झचा आणि रॅम दुप्पट होती. एन९७ मध्ये साठवणुकीची जागा ३२ गिगाबाइट होती, पण प्रणालीचे स्वतःचे काम ज्या ‘सी ड्राइव्ह’वर चाले, तो वेगळा आणि अगदी तुटपुंजा होता. थोडेफार अ‍ॅप टाकले की फोन जागा संपल्याची तक्रार करू लागे, आणि गिगाबाइटच्या गिगाबाइट मोकळे असूनही तो ती करतो याचे ग्राहकाला कोडे पडे. सुट्या भागांची यादी खर्चाच्या तक्त्यावर ठरत होती. ती यादी सॉफ्टवेअरला पुरेल का, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती यादी बदलण्याचे अधिकार नव्हते, असाच निष्कर्ष या रचनेवरून काढावा लागतो. नोकियाचे वरिष्ठ अधिकारी अन्सी वानयोकी यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले की गुणवत्तेच्या बाबतीत एन९७ ने निराशा केली.

आता त्या पायाकडे, म्हणजे नोकियाच्या या फोनांवरील सिंबियन या ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळू. तिचे मूळ सायॉन या ब्रिटिश कंपनीच्या ईपॉक या प्रणालीत होते. ईपॉकची ३२-बिट आवृत्ती १९९७ च्या सायॉन सीरिज ५ या छोट्या संगणकावर आली, आणि तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालत असे. स्मृतीचा एकेक बाइट आणि बॅटरीचा एकेक क्षण वाचवायचा, ही तिची घडण होती. त्यासाठी प्रोग्रॅमरला कामाच्या अवघड आणि एरवी कुठेच उपयोगी न पडणाऱ्या रीती शिकाव्या लागत. १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून लंडनमध्ये सिंबियन ही कंपनी काढली. पुढे आणखी फोननिर्माते भागीदार झाले. म्हणजे बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या एकाच प्रणालीच्या मालक होत्या. भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्याचे होते तसे तिचे झाले: प्रत्येकाने आपापल्या खोल्या रंगवल्या, पण सामाईक छपराची कौले बदलायला सगळ्यांची संमती मिळेना.

या भाऊबंदकीचा सर्वात महागडा परिणाम पडद्यावर दिसला. भागीदारांना आपापली ओळख हवी होती म्हणून सिंबियन कंपनीने फक्त गाभा बनवायचा आणि डोळ्यांना दिसणारा भाग प्रत्येकाने आपला करायचा, अशी वाटणी झाली. नोकियाचा एस६०, सोनी एरिक्सनने वापरलेला यूआयक्यू, जपानमध्ये डोकोमो या मोबाइल सेवा कंपनीचा मोआप, असे वेगवेगळे संसार मांडले गेले, आणि एकासाठी लिहिलेले अ‍ॅप दुसऱ्यावर तसेच्या तसे चालत नसे. खुद्द नोकियाच्या घरातही एस६० च्या जोडीला कम्युनिकेटर फोनांसाठी सीरिज ८० आणि स्पर्शपडद्यासाठी सीरिज ९० होती. सीरिज ९० वरचा ७७१० हा स्पर्शाने चालणारा फोन नोकियाने २००४ मध्येच जाहीर केला होता. पण ती मालिका लवकरच गुंडाळली गेली आणि एस६० हा कळा दाबून चालवायचा थरच मुख्य ठरला. त्यामुळे स्पर्शपडद्याचा एस६० फोन, म्हणजे ५८०० एक्सप्रेसम्युझिक, यायला २००८ चे शेवटचे महिने उजाडले. तोवर आयफोनला दीड वर्ष होऊन गेले होते, आणि या नव्या फोनवरही काही याद्यांमध्ये एकदा बोट लावले की ओळ फक्त निवडली जाई. ती उघडायला पुन्हा बोट लावावे लागे. कळांच्या काळातली ‘आधी निवडा, मग दाबा’ ही सवय स्पर्शपडद्यावर तशीच उतरली होती.

२००८ मध्ये नोकियाने सिंबियनमधील इतरांचा ५२.१ टक्के हिस्सा सुमारे २६ कोटी ४० लाख युरो देऊन विकत घेण्याचे ठरवले. मालकी एक झाली की अडचण संपेल, अशी अपेक्षा होती. पण अडचण मालकीपुरती उरली नव्हती. ती नोकियाच्या स्वतःच्या रचनेत शिरली होती.

२००४ च्या आरंभी नोकियाने ज्याला व्यवस्थापनाच्या भाषेत ‘मॅट्रिक्स’ म्हणतात अशी रचना स्वीकारली होती. साधे फोन, मल्टिमीडिया फोन आणि उद्योगांसाठीचे फोन असे उभे विभाग, आणि या सर्वांना सॉफ्टवेअर, पुरवठा, विक्री अशा सेवा देणारे आडवे विभाग. कागदावर हे तर्कशुद्ध आहे, कारण एकच सॉफ्टवेअर विभाग सर्वांना पुरवठा करणार आणि खर्च वाचणार. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर विभागाला एकाच वेळी अनेक यजमान मिळाले. एका उभ्या विभागाला संगीत हवे, दुसऱ्याला कंपनीच्या ईमेलची सुरक्षितता हवी, तिसऱ्याला कमी रॅममध्ये सगळे बसायला हवे. कोणाचे काम आधी करायचे, हे ठरवण्यासाठी बैठका होत, बैठकीत न ठरल्यास प्रश्न वरच्या समितीकडे जाई, आणि तिथून तडजोड होऊन परत येई. तडजोड म्हणजे बहुधा प्रत्येकाला थोडेथोडे. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच मांडले होते की, कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. एस६० ची सेटिंग्जची यादी ज्यांनी लक्ष देऊन पाहिली असेल त्यांना हे पटेल: एकाच गोष्टीची मांडणी तीन ठिकाणी, कारण ती तीन विभागांनी आपापल्या परीने केली होती.

सॉफ्टवेअर ग्राहकापर्यंत नेण्याच्या बाबतीतही तेच. नोकियाकडे ‘डाउनलोड!’ होते, ‘मॉश’ होते, ‘विडसेट्स’ होते, खेळांसाठी ‘एन-गेज’ होते. २००७ मध्ये ओव्ही या नावाखाली सेवा एकत्र आणण्याची घोषणा झाली, आणि यांतल्या पहिल्या तिघांची जागा घेणारे ओव्ही स्टोअर प्रत्यक्षात उघडले ते मे २००९ मध्ये, अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरनंतर दहा महिन्यांनी. बाहेरच्या विकसकासाठी वाट आणखी खडतर होती. २००५ नंतरच्या सिंबियनमध्ये सुरक्षेसाठी अ‍ॅपवर स्वाक्षरीची सक्ती आली. फोनच्या काही संवेदनशील क्षमता वापरायच्या असतील तर चाचणी, शुल्क आणि काही बाबतीत थेट फोननिर्मात्याची परवानगी लागे. सुरक्षेचा हेतू योग्यच होता, आणि अ‍ॅपलचीही परवानगीची व्यवस्था कडकच होती. पण अ‍ॅपलकडे अर्ज एका खिडकीवर जाई.

ब्राउझरचे पुढे काय झाले, तेही आता समजते. नोकियात ब्राउझर हा एस६० च्या आवृत्तीचा भाग होता, ती आवृत्ती मॉडेलच्या फर्मवेअरचा, म्हणजे फोनमध्ये मुळातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचा, भाग होती, आणि विकल्या गेलेल्या फोनला एस६० ची पुढची आवृत्ती देण्याची प्रथा जवळजवळ नव्हतीच. ब्राउझर बनवणाऱ्यांनी आज सुधारणा केली, तरी ती पुढच्या आवृत्तीची, मग त्या आवृत्तीवरच्या मॉडेलची आणि मग ग्राहकाने नवा फोन घेण्याची वाट पाहत बसे. दुरुस्त्यांचे छोटे फर्मवेअर येत, पण तेही प्रत्येक देश, रंग आणि मोबाइल सेवा कंपनी यांनुसार दिलेल्या ‘प्रॉडक्ट कोड’प्रमाणे सुटे सुटे. एकाच मॉडेलची दुरुस्ती युरोपातल्या एका कोडला मिळे आणि भारतातला कोड आठवडे वाट पाहत राही. म्हणून पुण्या-मुंबईतले हौशी लोकही अनधिकृत सॉफ्टवेअर वापरून फोनचा कोडच बदलत आणि दुसऱ्या देशाचे फर्मवेअर उतरवून घेत. ग्राहक कंपनीच्या कार्यपद्धतीला वळसा घालून कंपनीचेच सॉफ्टवेअर मिळवतो, यावरून त्या कार्यपद्धतीची जेवढी परीक्षा होते तेवढी कोणत्याही अहवालातून होणार नाही.

आतल्या लोकांना हे दिसत नव्हते का? दिसत होते. टिमो वुओरी आणि क्वाय ह्यू या संशोधकांनी नोकियातील वरिष्ठ आणि मधल्या फळीतील व्यवस्थापक, अभियंते आणि बाहेरचे जाणकार यांच्या ७६ मुलाखती घेऊन २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षाचा गाभा भीती हा आहे. वरिष्ठांना स्पर्धकांची आणि भागधारकांची भीती होती, म्हणून ते खालच्यांवर तारखांसाठी दडपण आणत. मधल्या फळीला वरिष्ठांच्या संतापाची आणि पद जाण्याची भीती होती, म्हणून ते सिंबियनची खरी अवस्था वर सांगत नसत. ‘होईल’ म्हणणाऱ्याला माणसे आणि पैसा मिळे, ‘एवढ्या वेळात होणार नाही’ म्हणणारा नाउमेद ठरे. परिणामी वरच्या मजल्यावर पोहोचणारी माहिती प्रत्येक पायरीवर थोडी गोड होत जाई. सर्वोच्च वर्तुळात सॉफ्टवेअरची जाण असलेली माणसे कमी असल्याने ती गोडी ओळखणारेही कमी होते. २००६ मध्ये मुख्य कार्यकारी झालेले ओली-पेका कालासवुओ हे शिक्षणाने वकील आणि त्याआधी वित्तप्रमुख होते. यात त्यांचा व्यक्तिगत दोष काढण्याचे कारण नाही. मंडळाने निवड तशी केली, कारण तोवर कंपनीचे प्रश्न खर्चाचे आणि पुरवठ्याचे होते. शिवाय २००८ च्या आरंभी जगातील दर दहा फोनांपैकी सुमारे चार नोकियाचे होते, आणि स्वस्त फोनांचा नफा येत असताना धोक्याची घंटा कोणाला ऐकू यावी?

या साऱ्यातून बाहेर पडण्याची वाट कंपनीतच होती, आणि मला सर्वात अभ्यासण्याजोगा वाटतो तो हाच भाग. २००५ मध्ये नोकियाने ७७० हे ‘इंटरनेट टॅब्लेट’ काढले. त्यावर लिनक्सवर आधारलेली मेमो ही प्रणाली होती, चांगला स्पर्शपडदा होता, ब्राउझर होता. सिम कार्डाची जागा मात्र नव्हती. पुढच्या एन८०० आणि एन८१० मध्येही नव्हती. जगातल्या सर्वात मोठ्या फोन कंपनीने आपल्या सर्वात आधुनिक प्रणालीला फोन करू दिला नाही, कारण महागड्या फोनांची हद्द सिंबियनची होती. फोन असलेला मेमो, म्हणजे एन९००, यायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्याचे जाणकारांनी कौतुक केले, आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१० मध्ये, नोकियाने मेमो आणि इंटेलची मोब्लिन एकत्र करून मीगो ही नवी प्रणाली करण्याचे जाहीर केले. दोन मोठ्या कंपन्यांच्या समित्या, सॉफ्टवेअर बांधून फोनवर बसवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती, पुन्हा नव्याने जुळवाजुळव.

त्याच वेळी क्यूटीची कथा चालू होती. ट्रोलटेक ही नॉर्वेची कंपनी नोकियाने २००८ मध्ये घेतली, ती तिच्या क्यूटी या अ‍ॅप लिहिण्याच्या साधनसंचासाठी. विकसकाने एकदा लिहावे आणि ते सिंबियनवरही चालावे, मेमोवरही चालावे, हा त्यामागचा विचार पक्का होता. पण सिंबियनच्या गटाने क्यूटीवर आपला पडद्याचा थर वेगळा रचायला घेतला आणि मेमोच्या गटाने आपला वेगळा. दोन्ही क्यूटीवरच, दोन्ही एकमेकांशी न जुळणारे. जी फूट मिटवण्यासाठी कंपनी विकत घेतली, ती फूट एक मजला वर जाऊन पुन्हा उभी राहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये नोकियाने सिंबियनची चौथी पिढी म्हणून चाललेले काम स्वतंत्र आवृत्ती म्हणून सोडून दिले.

सगळा दोष नोकरशाहीवर टाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत फोन कोणता विकायचा हे मोबाइल सेवा कंपन्या ठरवत, आणि त्या बाजारात नोकिया आधीच मागे पडला होता. गूगलने अँड्रॉइड विनामूल्य दिल्यावर स्वतःची प्रणाली पोसणे सर्वांनाच जड गेले. शिवाय अ‍ॅपलमध्ये काही मोकळे रान नव्हते. तिथेही निर्णय मूठभरांच्या हाती होते. फरक असा की, त्या मूठभरांच्या हाती प्रोसेसर, रॅम, प्रणाली आणि दुकान हे सर्व एकत्र होते, आणि वर्षाला एकच फोन निघत होता.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन इलॉप मुख्य कार्यकारी झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या, आणि लगेचच बाहेर फुटलेल्या, पत्रात त्यांनी लिहिले की या गतीने २०११ अखेर मीगोचा कदाचित एकच फोन बाजारात असेल. त्याच पत्रात एका कर्मचाऱ्याचा अर्धा गमतीचा शेरा आहे: आपण पॉवरपॉइंटचे सादरीकरण घासूनपुसून तयार करतो, तेवढ्यात चिनी कंपन्या फोनच बनवून मोकळ्या होतात. काही दिवसांतच विंडोज फोन ही नोकियाची मुख्य प्रणाली ठरली. मीगोचा एन९ हा फोन जून २०११ मध्ये जाहीर झाला, त्याच्या बोट सरकवून चालणाऱ्या मांडणीची वाहवा झाली, पण त्याचे भवितव्य आधीच मिटवले गेले होते. त्याच्यावर काम केलेल्या काहींनी पुढे योला ही कंपनी काढली.

विंडोज फोन निवडून इलॉप यांनी अंतर्गत भांडणे एका फटक्यात संपवली खरी, पण त्याबरोबर निर्णयाचे ठिकाण फिनलंडमधून अमेरिकेतल्या रेडमंडला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, गेले. विंडोज फोन ७ मध्ये दोन गाभ्यांचा प्रोसेसर चालत नसे आणि पडद्याचे एकच ठरावीक रिझोल्यूशन (८०० × ४८० ठिपके) चाले, त्यामुळे उत्तम फोन बनवण्याची नोकियाची हातोटी असूनही तिला मायक्रोसॉफ्टच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. लुमिया ९०० अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये मोठ्या गाजावाजाने विक्रीस आला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज फोन ७ वरच्या कोणत्याही फोनला विंडोज फोन ८ मिळणार नाही. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी विकायला काढलेला आपला सर्वात मोठा फोन जुना ठरवणारा हा निर्णय नोकियाने घेतलेला नव्हता, आणि तो फिरवण्याचा अधिकारही आता तिच्याकडे नव्हता.